आगगाडीची उदाहरणे

आगगाडीची उदाहरणे हा अंकगणितातील वेग, अंतर आणि वेळ यांच्या परस्परसंबंधावर आधारलेल्या शाब्दिक उदाहरणांचा एक प्रकार आहे. धावती गाडी खांब, फलाट, पूल किंवा बोगदा ओलांडण्यास किती वेळ घेते, दोन गाड्या एकमेकींना केव्हा व कोठे भेटतात, पुढे गेलेल्या गाडीला मागची गाडी केव्हा गाठते, अशा स्वरूपाचे प्रश्न या प्रकारात मोडतात. शालेय अंकगणिताबरोबरच पोलीस भरती, तलाठी भरती आणि रेल्वे भरती यांसारख्या स्पर्धा परीक्षांच्या तयारीत या उदाहरणांचा अभ्यास केला जातो.

या उदाहरणांसाठी अनेक सूत्रे पाठ केली जात असली, तरी ती सर्व एकाच संबंधातून निघतात: अंतर = वेग × वेळ. उदाहरणातील खरी अडचण गुणाकार-भागाकाराची नसून, कोणत्या बिंदूने, कशाच्या सापेक्ष, किती अंतर कापले हे ठरवण्याची असते. ते एकदा निश्चित झाले की उत्तर एका भागाकाराने मिळते.

## इतिहास

दोन गतिमान वस्तूंच्या भेटीचा प्रश्न रेल्वेपेक्षा फार जुना आहे. आर्यभट यांनी इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ''आर्यभटीय'' या ग्रंथाच्या गणितपादात यासाठी नियम दिला आहे. दोन वस्तू परस्परविरुद्ध दिशांनी जात असतील तर त्यांच्यातील अंतरास गतींच्या बेरजेने (गतियोग) भागावे, आणि एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या वजाबाकीने (गत्यंतर) भागावे, असा त्याचा आशय आहे. भागाकारातून मिळणारा काळ भेट होऊन गेल्याचा किंवा भेट होण्यास उरलेला असू शकतो, हेही त्यात सांगितले आहे. हा नियम मुख्यतः ग्रहांच्या युतीचा काळ काढण्यास उपयोगी पडत असे. आज शाळेत शिकवला जाणारा सापेक्ष वेगाचा नियम हाच आहे.

युरोपात आल्क्विन (मृत्यू इ.स. ८०४) या विद्वानाच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या गणिती कोड्यांच्या संग्रहात कुत्रा आणि सशाचे एक उदाहरण आढळते. ससा कुत्र्याच्या १५० फूट पुढे असतो. कुत्रा एका उडीत ९ फूट आणि ससा ७ फूट जातो. प्रत्येक उडीला अंतर २ फुटांनी कमी होत असल्याने ७५ उड्यांनंतर कुत्रा सशाला गाठतो.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा प्रसार झाल्यावर ग्रह, जासूद आणि शिकारी कुत्रे यांची जागा गाडीने घेतली. इंग्लंडमध्ये १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला. भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किमी अंतरावर पहिली प्रवासी गाडी धावली. ठरलेला मार्ग, मोजलेले अंतर आणि छापील वेळापत्रक यांमुळे गाडी हा अंकगणितासाठी सोयीचा विषय ठरला. मात्र गाडीमुळे एक नवी बाबही आली. ग्रह किंवा धावणारा ससा गणितात बिंदू मानला तरी चालतो, पण गाडीला स्वतःची लांबी असते आणि पुष्कळदा ती ओलांडल्या जाणाऱ्या वस्तूच्या लांबीइतकीच महत्त्वाची असते. या प्रकारातील उदाहरणांचे वेगळेपण त्या लांबीत आहे.

## मूलभूत संबंध व एकके

वेग, अंतर व वेळ यांपैकी कोणत्याही दोन राशी दिल्या असता तिसरी काढता येते:

* अंतर = वेग × वेळ
* वेग = अंतर ÷ वेळ
* वेळ = अंतर ÷ वेग

वेग स्थिर असेल तर अंतर व वेळ सम प्रमाणात असतात. अंतर स्थिर असेल तर वेग व वेळ व्यस्त प्रमाणात असतात.

गाडीचा वेग बहुधा ताशी किलोमीटरमध्ये दिलेला असतो, तर गाडीची लांबी मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत असते. म्हणून गणित सुरू करण्यापूर्वी एकके सारखी करून घ्यावी लागतात. १ किमी म्हणजे १००० मी आणि १ तास म्हणजे ३६०० सेकंद. १००० ÷ ३६०० या अपूर्णांकाचे संक्षिप्त रूप ५/१८ होते. त्यामुळे ताशी किलोमीटरमधील वेगाला ५/१८ ने गुणल्यास तो मीटर प्रतिसेकंदात मिळतो आणि उलट रूपांतरासाठी १८/५ ने गुणावे लागते.

| ताशी किमी | मीटर प्रतिसेकंद |
|---|---|
| १८ | ५ |
| ३६ | १० |
| ५४ | १५ |
| ७२ | २० |
| ९० | २५ |
| १०८ | ३० |

उदाहरणांत ५४, ७२, ९० असे वेग वारंवार येतात, कारण ते १८ च्या पटीत असल्याने रूपांतरानंतर पूर्णांक मिळतो.

## गाडीची लांबी आणि कापावयाचे अंतर

‘ओलांडणे’ या क्रियेची सुरुवात इंजिनाचे पुढचे टोक वस्तूपाशी पोहोचते तेव्हा होते आणि शेवटच्या डब्याचे मागचे टोक वस्तूच्या पलीकडे जाते तेव्हा ती पूर्ण होते. या काळात गाडीच्या कोणत्याही एका बिंदूने कापलेले अंतर सारखेच असते. त्यामुळे गाडीच्या मागच्या टोकावर लक्ष ठेवले तर पुढील सर्व नियम पाठांतराशिवाय मिळतात.

* खांब, सिग्नल किंवा उभा माणूस ओलांडणे: सुरुवातीस मागचे टोक खांबापासून गाडीच्या लांबीइतके मागे असते आणि शेवटी खांबापाशी येते. अंतर = गाडीची लांबी.
* फलाट, पूल किंवा बोगदा ओलांडणे: मागचे टोक आधी गाडीची लांबी आणि मग फलाटाची लांबी पार करते. अंतर = गाडीची लांबी + फलाटाची लांबी.
* गाडी पूर्णपणे बोगद्यात असणे: हा काळ मागचे टोक बोगद्यात शिरल्यापासून पुढचे टोक बाहेर पडेपर्यंतचा असतो. अंतर = बोगद्याची लांबी − गाडीची लांबी.
* गाडीतील एका प्रवाशाने बोगदा पार करणे: प्रवासी हा एक बिंदू असतो. अंतर = बोगद्याची लांबी.

### कोकण रेल्वेवरील उदाहरण

रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा सुमारे ६.५ किमी लांब असून त्याची लांबी ६५०६ मी धरता येते. एलएचबी पद्धतीचा एक डबा सुमारे २४ मी लांब असतो. बावीस डबे आणि एक इंजिन यांची एकत्रित लांबी सुमारे ५५० मी होते. अशी गाडी ताशी ७२ किमी, म्हणजे २० मी प्रतिसेकंद, या स्थिर वेगाने बोगद्यातून गेली असे मानू.

| प्रश्न | अंतर (मी) | वेळ (सेकंद) |
|---|---|---|
| गाडीने बोगदा पूर्ण ओलांडणे | ६५०६ + ५५० = ७०५६ | ३५२.८ |
| एक प्रवासी बोगद्यात असणे | ६५०६ | ३२५.३ |
| संपूर्ण गाडी बोगद्यात असणे | ६५०६ − ५५० = ५९५६ | २९७.८ |

गाडी, वेग आणि बोगदा तेच असूनही प्रश्नातील शब्दरचना बदलताच उत्तरात सुमारे ५५ सेकंदांचा फरक पडतो. प्रवासी पहिल्या डब्यात बसलेला असो वा शेवटच्या, त्याला अंधारातून जाण्यास लागणारा वेळ सारखाच असतो, फक्त तो काळ आधी किंवा नंतर सुरू होतो.

### लांबी व वेग दोन्ही अज्ञात असणे

एक गाडी खांब ९ सेकंदांत आणि १८० मी लांबीचा फलाट २१ सेकंदांत ओलांडते. गाडीची लांबी व वेग किती?

खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीइतके अंतर कापते. फलाट ओलांडताना त्याखेरीज १८० मी जास्त जावे लागते आणि त्यासाठी २१ − ९ = १२ सेकंद जास्त लागतात. म्हणून वेग = १८० ÷ १२ = १५ मी प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५४ किमी. लांबी = १५ × ९ = १३५ मी.

दोन वेगवेगळ्या लांबीचे फलाट दिले असतील तरीही हीच रीत लागू पडते. गाडी १५० मी लांबीचा फलाट २० सेकंदांत आणि २५० मी लांबीचा फलाट २५ सेकंदांत ओलांडत असेल, तर जास्तीच्या १०० मीटरसाठी ५ सेकंद लागले, म्हणजे वेग २० मी प्रतिसेकंद आहे. २० सेकंदांत गाडी ४०० मी जाते. त्यातून फलाटाचे १५० मी वजा केल्यावर गाडीची लांबी २५० मी मिळते.

## सापेक्ष वेग

दोन्ही वस्तू गतिमान असतील तर एक स्थिर आहे असे मानून दुसरीचा तिच्या सापेक्ष वेग काढतात. दोन गाड्या परस्परविरुद्ध दिशांनी जात असतील तर त्यांच्यातील अंतर दोन्ही गाड्यांमुळे बदलते, म्हणून वेगांची बेरीज करतात. एकाच दिशेने जात असतील तर पुढची गाडी मागच्या गाडीने मिळवलेले अंतर काही अंशी पुन्हा वाढवत असते, म्हणून वेगांची वजाबाकी करतात.

२६० मी लांबीची उपनगरी गाडी ताशी ५४ किमी वेगाने (१५ मी प्रतिसेकंद) आणि ५५० मी लांबीची एक्सप्रेस ताशी ९० किमी वेगाने (२५ मी प्रतिसेकंद) शेजारच्या रुळांवरून धावत आहेत. एकमेकींना पूर्ण ओलांडण्यासाठी कापावयाचे अंतर दोन्ही लांबींच्या बेरजेइतके, म्हणजे ८१० मी आहे.

* विरुद्ध दिशेने: ८१० ÷ (२५ + १५) = २०.२५ सेकंद
* एकाच दिशेने: ८१० ÷ (२५ − १५) = ८१ सेकंद

हाच प्रश्न उपनगरी गाडीच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाबाबत विचारला, तर उपनगरी गाडीची लांबी गणितात येत नाही. प्रवासी हा बिंदू असल्याने एक्सप्रेसला फक्त स्वतःची लांबी पार करावयाची असते. विरुद्ध दिशेने ५५० ÷ ४० = १३.७५ सेकंद आणि एकाच दिशेने ५५० ÷ १० = ५५ सेकंद लागतात. या दोन प्रश्नांची गल्लत ही या प्रकारातील नेहमीची चूक आहे.

### रुळांलगत चालणारी माणसे

दोन माणसे गाडीच्याच दिशेने अनुक्रमे १ मी आणि २ मी प्रतिसेकंद वेगाने चालत आहेत. गाडी पहिल्याला १८ सेकंदांत व दुसऱ्याला १९ सेकंदांत ओलांडते. गाडीचा वेग व लांबी किती?

गाडीचा वेग ‘व’ मानल्यास गाडीची लांबी पहिल्या माणसावरून १८ × (व − १) आणि दुसऱ्यावरून १९ × (व − २) येते. गाडी एकच असल्याने या दोन्ही किमती समान आहेत:

१८व − १८ = १९व − ३८, म्हणून व = २०.

गाडीचा वेग २० मी प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७२ किमी, आणि लांबी १८ × १९ = ३४२ मी आहे. वेगाने चालणाऱ्या माणसाला ओलांडण्यास गाडीला जास्त वेळ लागतो, कारण त्याच्या सापेक्ष गाडीचा वेग कमी असतो.

## भेटीची व पाठलागाची उदाहरणे

या प्रकारात स्थानकांमधील अंतर मोठे असल्याने गाडीची लांबी दुर्लक्षित करून गाडीला बिंदू मानतात. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटत नसतील, तर प्रथम दुसरी गाडी सुटण्याच्या क्षणी त्यांच्यात किती अंतर आहे ते काढावे लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंतचे लोहमार्गाचे अंतर १९२ किमी आहे. एक गाडी मुंबईहून सकाळी ६ वाजता ताशी ६० किमी वेगाने आणि दुसरी पुण्याहून सकाळी ७ वाजता ताशी ७२ किमी वेगाने निघाली असे मानू. ७ वाजेपर्यंत पहिली गाडी ६० किमी पुढे आलेली असते, म्हणून दोघींमधील अंतर १३२ किमी उरते. वेगांची बेरीज ६० + ७२ = १३२ असल्याने त्या आणखी एका तासाने, म्हणजे ८ वाजता, मुंबईपासून १२० किमीवर भेटतात. या मार्गावर कर्जत १०० किमीवर आणि लोणावळा १२८ किमीवर असल्याने गणितातील ही भेट बोरघाटात होते. घाटात गाड्या एवढ्या वेगाने धावत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीची वेळ व जागा वेगळी असेल. स्थिर वेगाच्या गृहीतकाचा परिणाम येथे स्पष्ट दिसतो.

पाठलागाच्या उदाहरणात मागच्या गाडीला पुढच्या गाडीची आघाडी भरून काढावयाची असते. एक गाडी १० वाजता ताशी ४८ किमी वेगाने आणि त्याच स्थानकातून दुसरी ११:३० वाजता ताशी ७२ किमी वेगाने निघाली, तर पहिलीची आघाडी ४८ × १.५ = ७२ किमी आहे. ती दर तासाला २४ किमीने कमी होते. म्हणून ३ तासांनी, दुपारी २:३० वाजता, सुटण्याच्या स्थानकापासून २१६ किमीवर दुसरी गाडी पहिलीला गाठते.

### भेटीनंतरचा वेळ

दोन गाड्या एकाच वेळी समोरासमोरून निघाल्या आणि भेटीनंतर आपापल्या अंतिम स्थानकास पोहोचण्यास पहिलीला ४ तास व दुसरीला ९ तास लागले, तर वेगांचे गुणोत्तर केवळ या दोन संख्यांवरून काढता येते. भेटीपर्यंतचा वेळ ‘क’ तास मानू. पहिलीने ‘क’ तासांत कापलेले अंतर दुसरी भेटीनंतर ९ तासांत कापते, म्हणून वेगांचे गुणोत्तर ९ : क आहे. दुसरीने ‘क’ तासांत कापलेले अंतर पहिली ४ तासांत कापते, म्हणून तेच गुणोत्तर क : ४ असेही आहे. यावरून क × क = ३६, म्हणजे क = ६. वेगांचे गुणोत्तर ९ : ६, म्हणजे ३ : २ येते. सामान्यतः हे गुणोत्तर भेटीनंतरच्या वेळांच्या वर्गमुळांच्या व्यस्त प्रमाणात असते.

### दोन गाड्या आणि माशी

एकमेकींपासून १२० किमी दूर असलेल्या दोन गाड्या ताशी ६० किमी वेगाने समोरासमोर येत आहेत. एक माशी ताशी ९० किमी वेगाने एका गाडीपासून दुसरीपर्यंत आणि पुन्हा पहिलीपर्यंत, अशा फेऱ्या गाड्या भेटेपर्यंत मारत राहते. माशी एकूण किती अंतर उडते? प्रत्येक फेरीचे अंतर काढून अनंत श्रेणीची बेरीज करता येते, परंतु त्याची गरज नसते. गाड्या एका तासात भेटतात, म्हणून माशी एक तास, म्हणजे ९० किमी उडते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी हे कोडे ऐकताच उत्तर दिले आणि युक्ती ठाऊक होती का असे विचारल्यावर आपण श्रेणीचीच बेरीज केल्याचे सांगितले, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

## सरासरी वेग

सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ. वेगवेगळ्या वेगांची बेरीज करून त्यांच्या संख्येने भागणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते, कारण गाडी प्रत्येक वेगाने सारखाच वेळ धावलेली नसते.

कर्जत ते लोणावळा हे घाटातील अंतर २८ किमी असून तेथे चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि उतरणाऱ्या गाड्यांचा वेग काटेकोरपणे मर्यादित ठेवतात. एखादी गाडी घाट ताशी ४२ किमी वेगाने चढली व ताशी २८ किमी वेगाने उतरली असे मानल्यास चढण्यास ४० मिनिटे व उतरण्यास ६० मिनिटे लागतात. एकूण ५६ किमीसाठी १०० मिनिटे लागली, म्हणून सरासरी वेग ताशी ३३.६ किमी येतो. ४२ व २८ यांची साधी सरासरी ३५ आहे. गाडी कमी वेगाने जास्त वेळ धावली असल्याने खरा सरासरी वेग त्यापेक्षा कमी भरतो. सारख्या अंतरांसाठी येणाऱ्या या सरासरीला हरात्मक मध्य म्हणतात आणि तो (२ × ४२ × २८) ÷ (४२ + २८) असाही काढता येतो.

थांब्यांचे उदाहरण: थांब्यांशिवाय गाडीचा वेग ताशी ६० किमी आणि थांबे धरून सरासरी वेग ताशी ५० किमी असेल, तर ५० किमी धावण्यास गाडीला प्रत्यक्षात ५० मिनिटेच लागतात. म्हणून ती दर तासाला सरासरी १० मिनिटे थांबते.

उशिराचे उदाहरण: गाडी नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगाने जाऊन २० मिनिटे उशिरा पोहोचली, तर अंतर तेच असल्याने वेळ ४/३ पट लागला. जास्तीचा १/३ भाग २० मिनिटांचा आहे, म्हणून नेहमीचा वेळ ६० मिनिटे. येथे अंतर किंवा प्रत्यक्ष वेग माहीत असण्याची गरज पडत नाही.

## आलेखाची पद्धत

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेतल्यास स्थिर वेगाने धावणारी गाडी तिरप्या सरळ रेषेने दाखवता येते. रेषा जितकी उभी, तितका वेग अधिक. थांबलेल्या गाडीची रेषा आडवी असते आणि दोन रेषांचा छेदनबिंदू भेटीची वेळ व जागा एकदमच दाखवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात पॅरिस ते ल्यों मार्गावरील गाड्यांचा असा आलेख आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केला होता.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत गाड्यांचे नियोजन अशाच आलेखांच्या साहाय्याने होते. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी आहे. त्यावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेषा कोठेही छेदून चालत नाही. छेदनबिंदू एखाद्या स्थानकावरच आला पाहिजे, कारण तेथेच एका गाडीला बाजूच्या मार्गावर थांबवून दुसरीला वाट देता येते. या क्रियेला रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एक गाडी उशिरा धावू लागली की तिची रेषा सरकते, क्रॉसिंगचे स्थानक बदलावे लागते आणि उशीर समोरून येणाऱ्या गाडीकडेही जातो.

## गृहीतके

या उदाहरणांत गाडीचा वेग स्थिर असतो, असे बहुधा न सांगता गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात स्थानकातून सुटणाऱ्या गाडीचा वेग शून्यापासून वाढत जातो. वेग एकसारख्या प्रमाणात वाढत असेल तर त्या काळातील सरासरी वेग अंतिम वेगाच्या निम्मा असतो. दोन मिनिटांत शून्यापासून २० मी प्रतिसेकंद वेग घेणारी गाडी १० × १२० = १२०० मी जाते. ती सुरुवातीपासूनच पूर्ण वेगाने धावली असे मानल्यास २४०० मी, म्हणजे दुप्पट, चुकीचे उत्तर मिळेल. वेग एकसारखा कमी करत थांबणाऱ्या गाडीलाही हाच नियम लागू पडतो.

## नेहमीच्या चुका

* ताशी किलोमीटरमधील वेगाने मीटरमधील अंतराला थेट भागणे.
* फलाट किंवा पूल ओलांडताना गाडीची लांबी विसरणे, तसेच खांबाच्या उदाहरणात नसलेली लांबी मिळवणे.
* ‘गाडीने गाडी ओलांडणे’ आणि ‘गाडीतील प्रवाशाला ओलांडणे’ यांत फरक न करणे.
* एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या वेगांची बेरीज करणे.
* गाड्या वेगवेगळ्या वेळी सुटल्या असताना मधल्या काळातील प्रवास न धरणे.
* सरासरी वेगासाठी वेगांची साधी सरासरी काढणे.

उत्तराचा पडताळा घेण्यासाठी मिळालेला वेग व लांबी मूळ उदाहरणात घालून पाहतात. प्रवासी गाडीची लांबी ५ मीटर किंवा तिचा वेग ताशी ७०० किमी आल्यास बहुधा एककांची चूक झालेली असते.

## फाटकावरील सुरक्षितता

लोहमार्ग व रस्ता जेथे एकाच पातळीवर छेदतात त्या फाटकांवर हेच गणित जीवनमरणाचे ठरते. भारतीय रेल्वेवर फाटकाच्या ६०० मी अलीकडे चालकाला शिटी वाजवण्याची सूचना देणारा फलक लावलेला असतो. तेथून गाडी फाटकापर्यंत किती वेळात पोहोचते, हे बिंदू-ते-बिंदू अंतराचे साधे उदाहरण आहे.

| गाडीचा वेग (ताशी किमी) | ६०० मीटरसाठी वेळ (सेकंद) |
|---|---|
| ५४ | ४० |
| ७२ | ३० |
| १०८ | २० |
| १३० | सुमारे १६.६ |

फाटक ओलांडणाऱ्या वाहनाचे गणित फलाट ओलांडणाऱ्या गाडीसारखेच असते, कारण वाहनालाही लांबी असते. ट्रॉलीसह १४ मी लांबीचा ट्रॅक्टर दुहेरी मार्गावरील १० मी रुंदीचा धोक्याचा पट्टा ताशी ५.४ किमी, म्हणजे १.५ मी प्रतिसेकंद, वेगाने ओलांडत असेल, तर त्याला (१४ + १०) ÷ १.५ = १६ सेकंद लागतात. ताशी १३० किमी वेगाच्या गाडीची शिटी फलकापाशी वाजल्यावर निघालेल्या अशा ट्रॅक्टरकडे पाऊण सेकंदाहूनही कमी अवधी उरतो. पट्ट्याच्या रुंदीत केवळ ट्रॅक्टरचे पुढचे चाक पलीकडे गेले एवढेच मोजले, तर उत्तर सुमारे ६.७ सेकंद येते आणि मार्ग निर्धोक असल्याचा चुकीचा समज होतो.

चालकाने ब्रेक लावला तरी गाडी तत्काळ थांबत नाही. ताशी १०८ किमी, म्हणजे ३० मी प्रतिसेकंद, वेगाने येणाऱ्या गाडीचा वेग दर सेकंदाला ०.५ मी प्रतिसेकंदाने कमी होतो असे मानल्यास ती थांबण्यास ६० सेकंद लागतात. या काळातील सरासरी वेग १५ मी प्रतिसेकंद असल्याने गाडी ९०० मी पुढे जाते. हे अंतर शिटीच्या फलकापासून फाटकापर्यंतच्या अंतराच्या दीडपट आहे. शिवाय समोरून थेट येणारी मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा हळू येत असल्याचा भास होत असल्याने नजरेच्या अंदाजावर विसंबणे धोक्याचे असते. दुहेरी मार्गावर एक गाडी गेल्यानंतर तिच्या आड दडलेली विरुद्ध दिशेची दुसरी गाडी काही सेकंदांतच येऊ शकते.

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके २०१९ च्या प्रारंभापर्यंत बंद करण्यात आली. त्यांच्या जागी फाटकवाल्याची नेमणूक करणे, भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल बांधणे, अथवा जवळच्या दुसऱ्या फाटकाकडे रस्ता वळवणे हे उपाय योजले गेले. फाटक बंद करून गाडीला सिग्नल देण्याच्या व्यवस्थेत हा वेळेचा हिशेब रस्त्यावरील व्यक्तीच्या अंदाजावर सोपवलेला नसतो.